दगडाची तबकडी

मनगटी घड्याळाला रंगीत दगडाची तबकडी बसवावी, ही कल्पना सुचायला अवघड नव्हती. पॅरिसच्या कार्टिएने टेबलावर ठेवायच्या घड्याळांत जेड, लाजवर्द, पोवळे, ऑनिक्स हे सारे १९२० च्या दशकातच सढळ हाताने वापरले होते. दगड कापणारे कसबी हात स्वित्झर्लंडपासून दूर नव्हते. जर्मनीतले इडार-ओबरश्टाइन हे गाव पिढ्यान्‌पिढ्या त्याच धंद्यावर जगत आले आहे. सोने होते, हौशी गिऱ्हाईकही होते. तरी १९६० चे दशक उजाडेपर्यंत दगडी तबकडीचे मनगटी घड्याळ हा अपवादच राहिला. घोडे अडले होते ते जाडीपाशी.

साध्या घड्याळाची तबकडी म्हणजे पितळेचा पातळ पत्रा. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्याही आत भरते. दगडाला इतके पातळ होणे सोसत नाही. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घासलेली चकती नुसती ठेवली तर बोटाच्या दाबानेही तिचे दोन तुकडे होऊ शकतात. म्हणून तिच्या पाठीला धातूची पाटी चिकटवावी लागते आणि दगड व पाटी मिळून जाडी एक मिलिमीटरच्या आसपास जाते. तबकडी जाड झाली की काट्यांचा आस उंच करावा लागतो, आस उंच झाला की काच वर सरकते आणि घड्याळ फुगत जाते. समारंभाला घालायचे सोन्याचे घड्याळ शर्टाच्या कफाखाली अलगद सरकले पाहिजे, हा त्या काळचा दंडक होता. जाडजूड घड्याळ खेळाडूच्या किंवा पाणबुड्याच्या हातात शोभे, मेजवानीत नाही. त्यामुळे दगडासाठी जागा काढायची तर ती एकाच ठिकाणाहून निघणार होती: तबकडीच्या खालच्या मशीनमधून.

ती जागा ज्यांनी काढली ते पियाजे घराणे स्विस जुरा डोंगरातल्या ला कोत-ओ-फे या लहानशा गावचे. जॉर्ज-एदुआर पियाजे याने १८७४ मध्ये तिथे काम सुरू केले आणि त्यानंतर कितीतरी वर्षे हे घराणे दुसऱ्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या घड्याळांची मशीन बनवत राहिले. स्वतःचे नाव त्यांनी १९४३ मध्ये नोंदवले. १९५७ मध्ये त्यांनी ‘९पी’ हे चावीचे मशीन बाजारात आणले, त्याची जाडी फक्त २ मिलिमीटर होती. तीनच वर्षांनी, १९६० मध्ये, ‘१२पी’ हे ऑटोमॅटिक मशीन आले, तेही अवघे २.३ मिलिमीटर. एरवी ऑटोमॅटिक मशीनच्या पाठीवर फिरणारे वजन असते आणि त्यामुळे मशीनची उंची वाढते. पियाजेने ते वजन लहान करून मशीनच्या पोटातच बसवले, आणि लहान झाले तरी ते जड राहावे म्हणून सोन्याचे केले.

घड्याळांच्या इतिहासात या दोन मशीनचे कौतुक पातळपणाचा विक्रम म्हणून होते. मला त्यांचे खरे मोल वेगळे वाटते. त्यांनी तबकडीसाठी रिकामी जागा निर्माण केली. १९५७ च्याच सुमारास पियाजेने यापुढे फक्त सोने आणि प्लॅटिनम यांतच घड्याळे घडवायची असे ठरवले, आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांच्या सोन्याच्या घड्याळांत पहिल्या दगडी तबकड्या दिसू लागल्या. पुढे त्यांनी तिसेक प्रकारचे दगड वापरले. बाकीची नामांकित घराणी त्या वाटेने मागून आली.

तबकडी कशी बनते ते पाहिले की संग्राहक तिच्यासाठी एवढा जीव का टाकतो ते कळते. आधी कच्चा दगड निवडायचा. पाच किलोंच्या ढेकळात तबकडीजोगा भाग मुठीएवढासुद्धा निघेलच असे नाही. कुठे भेग असते, कुठे रंग फिका पडलेला असतो, कुठे नको तिथे पांढरी शीर असते. हिऱ्याची पूड बसवलेल्या करवतीने त्याचे काप काढायचे आणि ते पाणी घालत घासत घासत पापडासारखे पातळ करायचे. मग कडा गोल करायची, मागे पाटी चिकटवायची, आणि शेवटी मधोमध काट्यांसाठी भोक पाडायचे. सारी मेहनत फळाला यायच्या किंवा मातीमोल व्हायच्या घटकेला हे भोक पडते. दगडात आत दडलेली भेग असेल तर ती नेमकी तेव्हाच उमलते आणि चकती भोकापासून कडेपर्यंत चिरत जाते. तारीख-वाराची खिडकी कापायची असेल तर धोका आणखी वाढतो, कारण चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यातून चीर सुटायला वेळ लागत नाही.

हे काम प्रत्येक घड्याळ कंपनी स्वतःच्या छताखाली करत नसे. जिनिव्हा आणि जुरातल्या तबकडी बनवणाऱ्या स्वतंत्र कारखान्यांकडे ते जाई. या व्यवसायाचे वजन किती होते हे एका गोष्टीवरून ध्यानात येते: मंदीच्या तडाख्यात सापडलेली पाटेक फिलिप ही कंपनी १९३२ मध्ये ज्या श्टेर्न बंधूंनी विकत घेतली, ते तिला तबकड्या पुरवणारे कारखानदार होते. त्यांच्याच वंशजांकडे ती आजही आहे.

आता दगडांकडे वळू, कारण खरा खजिना तिथे आहे.

लाजवर्द हा या सगळ्यांचा राजा. अफगाणिस्तानच्या बदख्शान प्रांतात, कोकचा नदीच्या खोऱ्यात, सर-ए-संग नावाच्या खाणी आहेत. हजारो वर्षे जगाला उत्तम लाजवर्द तिथूनच मिळत आला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत जी गडद निळाई दिसते ती याच दगडाच्या पुडीची आहे. पाचव्या शतकात तो दगड डोंगर-वाळवंट ओलांडून वाघूर नदीकाठच्या लेण्यांपर्यंत पोचला होता. लाजवर्द हे एकच खनिज नाही, अनेक खनिजांचे मिश्रण आहे. निळा रंग लाझुराइटचा, सोनेरी ठिपके पायराइटचे, पांढऱ्या शिरा कॅल्साइटच्या. दागिन्यांचे जाणकार एकसंध निळा, ठिपका नसलेला लाजवर्द वरचा मानतात. घड्याळात मात्र मला थोडे सोनेरी ठिपके हवेसे वाटतात. भोवती पिवळे सोने, वर सोन्याचे दोन काटे आणि निळ्यात विखुरलेले ते कण हे सारे एका कुळातले दिसते. ठिपके फार झाले की तबकडी मळकट दिसते, आणि पांढरी शीर मधोमध आली की वेळ वाचताना काटा आणि शीर यांची गल्लत होते. तिथे बनवणाऱ्याची नजर कळते: चांगल्या कारागिराने शीर कडेला ढकललेली असते, किंवा काप अशा कोनातून काढलेला असतो की शीर काट्यांच्या वाटेत येतच नाही.

मॅलाकाइट म्हणजे तांब्याचे कार्बोनेट. हिरव्या रंगाची फिकी-गडद वलये हे त्याचे वैभव. एकोणिसाव्या शतकात रशियाच्या उरल पर्वतातल्या मॅलाकाइटने झारच्या सेंट पीटर्सबर्गमधल्या हिवाळी राजवाड्यात अख्खे दालन सजवले गेले, तेही पातळ कापांचे तुकडे जुळवून. विसाव्या शतकात मुख्य पुरवठा कांगोच्या तांब्याच्या पट्ट्यातून होऊ लागला. तबकडी लहान असल्याने तुकडे जुळवावे लागत नाहीत. एका सलग कापात सगळी वलये बसतात. पण हा दगड मऊ आहे. मोहसच्या मोजपट्टीवर त्याचा कठीणपणा ३.५ ते ४, म्हणजे पोलादी चाकूने ओरखडा उठेल इतका. आम्लाने तो खराब होतो, अमोनियाने त्याची झिलई जाते. काचेखाली आहे तोवर ठीक. काच निघाली की तो अगदी असहाय असतो. वलयांचा मध्य कुठे पडला आहे ते पाहावे. काही तबकड्यांत वलये एका बाजूने लाटेसारखी येतात, काहींत काट्यांच्या आसाभोवती फेर धरतात. दुसऱ्या प्रकारच्या तबकडीसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तसा काप मिळवायला दगडातली नेमकी जागा सापडावी लागते.

काळा ऑनिक्स सर्वांत जास्त वापरला गेला. तो बहुतेक वेळा नैसर्गिक काळा नसतोच. अकीक साखरेच्या पाण्यात मुरवायचा आणि मग गंधकाम्लात टाकायचा, म्हणजे दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेली साखर जळून कोळसा होतो आणि दगड आतपर्यंत काळा होतो. इडार-ओबरश्टाइनच्या कारागिरांना ही विद्या एकोणिसाव्या शतकापासून अवगत आहे. ही फसवणूक नाही, या दगडाची ती रूढ प्रक्रिया आहे. कठीणपणा ६.५ ते ७ असल्याने ऑनिक्स टिकतो आणि त्याच्या आरशासारख्या काळ्या पृष्ठावर सोन्याचे काटे अतिशय उठून दिसतात.

टायगर आय दक्षिण आफ्रिकेतून येतो. त्याच्या आतल्या समांतर तंतूंमुळे प्रकाशाचा पट्टा घड्याळ हलवले की तबकडीवरून सरकतो. हेलिओट्रोप, म्हणजे गडद हिरव्यावर लाल शिंतोडे असलेला दगड, हा तर आपल्या भूमीचा. महाराष्ट्र ज्या काळ्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे त्याच दख्खनच्या खडकातल्या पोकळ्यांत तो तयार होतो, आणि भारत हा त्याचा जगातला प्रमुख पुरवठादार आहे. रोलेक्सच्या सोन्याच्या घड्याळांत हेलिओट्रोपच्या तबकड्या आढळतात, संग्राहकांत त्यांची चर्चा मात्र लाजवर्दाएवढी होत नाही. मराठी संग्राहकाने तरी त्यांच्याकडे काणाडोळा करू नये.

पिरोजा, पोवळे आणि ओपल हे तीन देखणे पण हळवे दगड. पिरोजा सच्छिद्र असतो. तेल, घाम, ओलावा लागला की निळ्याचा हिरवट होत जातो. पोवळ्याला आम्ल आणि उष्णता चालत नाही. शिवाय पोवळ्याच्या काही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असल्याने असे घड्याळ परदेशातून मागवण्याआधी कागदपत्रांची चौकशी करावी. ओपलच्या घडणीतच पाणी असते. ते वर्षानुवर्षे उडत गेले की पृष्ठावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. निर्दोष ओपल तबकडीचे जुने घड्याळ त्यामुळेच दुर्मीळ आहे.

१९६९ च्या बाझेलच्या घड्याळमेळ्यात पियाजेने एक संग्रह मांडला. रुंद सोन्याचे कडे, त्याच्या मधोमध दगडाची लंबगोल तबकडी. किंवा गळ्यात घालायची लांब सोन्याची दोरी आणि तिच्या टोकाला लोंबणारे घड्याळ. चित्रकारांना त्यांनी सांगितले होते की आधी रेखाटन करा, ते घडवायचे कसे ते आम्ही पाहू. त्या काळात पियाजेसाठी रेखाटने करणाऱ्यांत जाँ-क्लोद गे हे मोठे नाव. सोन्याचे पृष्ठ हातातल्या छिन्नीने असे कोरलेले असे की ते झाडाच्या सालीसारखे किंवा विणलेल्या रेशमासारखे दिसावे. जॅकलीन केनेडी यांच्याकडे जेडची लंबगोल तबकडी, भोवती हिरे आणि पाचू असे पियाजेचे सोन्याचे घड्याळ होते. ते आता कंपनीने आपल्या खासगी संग्रहात परत आणले आहे. चित्रकार अँडी वॉरहॉलही पियाजेचा चाहता. त्याच्याकडच्या उशीसारख्या आकाराच्या घड्याळाला २०२४ मध्ये कंपनीने अधिकृतपणे त्याचेच नाव दिले.

रोलेक्सची कथा थोडी निराळी. त्यांचे डे-डेट हे घड्याळ १९५६ पासूनचे, फक्त सोने किंवा प्लॅटिनममध्ये बनणारे. त्यात दगडी तबकड्या मुख्यतः १९७० आणि ८० च्या दशकांत बसवल्या गेल्या. १८०३ आणि त्यानंतरचा १८०३८ हे क्रमांक संग्राहकांना तोंडपाठ असतात. डे-डेटचे मशीन पियाजेइतके पातळ नाही, पण घड्याळच मुळात भरदार असल्याने दगड खपून गेला. अडचण वेगळीच होती: डे-डेटला दोन खिडक्या लागतात, वर वाराची कमान आणि उजवीकडे तारखेचा चौकोन. इतक्या पातळ दगडात मधले भोक धरून तीन ठिकाणी कापायचे म्हणजे चकती फुटायच्या जागाही तीन. म्हणून निकोप, चीर न गेलेली डे-डेट दगडी तबकडी पाहायला मिळाली तर ती नीट पाहून घ्यावी.

एका माणसाने हा प्रश्न उलटा करून सोडवला. रोममध्ये जन्मलेला, लंडनमध्ये नावारूपाला आलेला सोनार अँड्र्यू ग्रिमा. ओमेगाने त्याला मोकळा हात दिला आणि १९७० मध्ये त्याने ५५ घड्याळांचा संग्रह सादर केला. त्यात रत्न तबकडीच्या जागी नव्हते, काचेच्या जागी होते! सिट्रिन, टुर्मलिन, ॲक्वामरीन असे पारदर्शक दगड पैलू पाडून काट्यांच्या वर बसवलेले, आणि वेळ पाहायची ती रत्नाच्या आरपार. ग्रिमाची ही कामे दागिना आणि घड्याळ यांच्या मधल्या जागेत उभी आहेत. माझ्या मते त्या दशकात घड्याळकलेत यापेक्षा धीट काम झाले नाही.

एवढी घड्याळे बनली, मग आज ती दुर्मीळ का? बनलीच मुळात कमी, हे एक. पण त्यांतली बरीच नष्ट झाली, हे जास्त महत्त्वाचे. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने टोकियोत क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ विकायला काढले आणि पुढच्या दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातल्या नोकऱ्या सुमारे ९० हजारांवरून ३० हजारांपर्यंत खाली आल्या. चावीचे जुने घड्याळ लोकांना नकोसे झाले. त्याच सुमारास सोने उसळले. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला, तोवर सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर होता. २१ जानेवारी १९८० ला तो ८५० डॉलरवर गेला. सोन्याचे जड कडे असलेले, फॅशन उलटलेले घड्याळ घरात पडून आहे आणि सराफ त्याचे रोख पैसे देतो आहे, अशा वेळी लोकांनी काय केले असेल ते सांगायला नको. सोने भट्टीत गेले. तबकडीला तर मोड म्हणून काहीच किंमत नव्हती. हातांनी कोरलेले कितीतरी सोनेकाम आणि पुन्हा न मिळणारे दगडाचे काप अशा तऱ्हेने गेले.

यातूनच संग्राहकाने धरायचे मुख्य सूत्र निघते. अशा घड्याळात मशीन बिघडले तर दुरुस्त होते, सुटा भाग मिळतो किंवा घडवता येतो. सोन्याला ओरखडा गेला तर तो काढता येतो, जरी घासून घासून कडा बोथट करणे हा माझ्या दृष्टीने मोठा अपराध आहे. दगडाला गेलेली चीर मात्र कायमची. म्हणून घड्याळ विकत घेताना नाव, क्रमांक, वजन हे सगळे नंतर, आधी तबकडी.

ती पाहायची कशी? भिंग दहापट मोठे दाखवणारे असावे आणि उजेड एका बाजूने, तिरपा. नैसर्गिक शीर कोणत्याही कोनातून आपला रंग सोडत नाही. चीर मात्र उजेडाचा कोन बदलला की चमकून उठते आणि पुन्हा दिसेनाशी होते. मधल्या भोकाभोवती, खिडक्यांच्या कोपऱ्यांत आणि काठाशी जास्त वेळ द्यावा. भोकाजवळच्या चिरा बऱ्याचदा कारखान्यातल्या नसतात. काटे काढताना घड्याळजीने तबकडीवर हत्याराचा जोर दिला की त्या पडतात. दगडी तबकडीचे घड्याळ सर्व्हिसिंगला देताना घड्याळजीला हे आधी सांगावे आणि त्याने असे काम पूर्वी केले आहे का हे विचारायला संकोच करू नये. तबकडी अल्ट्रासॉनिकच्या पाण्यात जाता कामा नये. कंपनीचे नाव दगडावर नुसते छापलेले असते, तेही पुसून जाते.

खरे-खोटे ओळखण्यासाठी काही खुणा आहेत. तारखेची खिडकी असेल तर तिच्या कडेवर दगडाची जाडी दिसते. काळ्या रंगाचा पत्रा आणि ऑनिक्स यांतला फरक तिथे लगेच कळतो. लाजवर्दाच्या नावाखाली निळा रंगवलेला जास्पर खपवायची रीत जुनी आहे, आणि त्यात सोनेरी पायराइट सापडत नाही. मॅलाकाइटची वलये छापल्यासारखी एकसारखी असतील तर शंका घ्यावी. टायगर आयमध्ये उजेडाचा पट्टा सरकलाच पाहिजे. आणि चमचमत्या निळ्या ॲव्हेंच्युरीनच्या तबकड्या सुंदर असतात, पण त्या बहुतेक करून चमचमते कण असलेली काच असतात. हे नाव एका खऱ्या दगडालाही आहे, म्हणून विकणाऱ्याला नेमके विचारावे. सगळ्यांत अवघड फसवणूक म्हणजे अस्सल घड्याळात मागाहून बसवलेली दगडी तबकडी. अशा वेळी काट्यांचा आस पुरेसा उंच नसतो, काटे तबकडीला किंवा काचेला घासू पाहतात, त्यांची लांबी जमत नाही. जगभरच्या संग्राहकांत रंगवलेल्या, जोडजमाव केलेल्या जुन्या घड्याळांना ‘बॉम्बे स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचे नाव अशा कामाला जोडले जावे याचे वाईट वाटते, कारण त्याच शहरात उत्तम हाताचे घड्याळजीही आहेत.

सोन्याची खात्री करायला मागचे झाकण उघडावे. १९९५ पूर्वीच्या स्विस १८ कॅरेट सोन्यावर हेल्व्हेशिया या स्त्रीच्या मस्तकाचा बारीक ठसा असतो, त्यानंतरच्या घड्याळांवर सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा. जोडीला ७५० किंवा ०.७५० हा आकडा. म्हणजे हजार भागांत ७५० भाग शुद्ध सोने. आपल्याकडच्या ९१६ च्या दागिन्यांची सवय असलेल्याला ते कमी वाटेल, पण २२ कॅरेट सोने मऊ असते आणि घड्याळाच्या घराला लागणारी ताकद त्यात येत नाही. सोन्याचे कडे असलेल्या घड्याळात मशीन, काच आणि दगड वगळता समजा ८० ग्रॅम सोने आहे, तर शुद्ध सोने ६० ग्रॅम, म्हणजे आजच्या हिशेबाने सहा तोळे. तेवढ्या सोन्याची किंमत मनात धरून ठेवावी. मागितलेली किंमत तिच्या फारच जवळ असेल तर तबकडीत काहीतरी गडबड आहे असे समजून पुन्हा भिंग हातात घ्यावे.

नवख्याने सुरुवात ऑनिक्सपासून करावी, असे मी सुचवीन. दगड टिकाऊ, पुरवठा जास्त, आणि चीर गेलेली असेल तर काळ्यावर ती तिरप्या उजेडात पटकन सापडते. कातडी पट्ट्याचे, दोन काट्यांचे, लहान आकाराचे घड्याळ घ्यावे. त्या काळातली पुरुषांची घड्याळेही आजच्या मानाने लहान आहेत, आणि स्त्रियांसाठी बनलेली बरीच घड्याळे आज पुरुष आवडीने घालतात. क्वार्ट्‌झ मशीन आहे म्हणून नाक मुरडू नये. पियाजेने १९७६ मध्ये बनवलेले स्वतःचे क्वार्ट्‌झ मशीन ३.१ मिलिमीटरचे होते, आणि त्यावर बसलेल्या काही दगडी तबकड्या चावीच्या घड्याळांइतक्याच सुरेख आहेत. बाजार त्यांना कमी लेखतो, त्याचा फायदा घ्यावा. मॅलाकाइट आणि पिरोजा नजर तयार झाल्यावर. ओपल सर्वांत शेवटी.

गेल्या काही वर्षांत या तबकड्यांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. रोलेक्सने २०२३ मध्ये डे-डेट पिरोजा, कार्नेलियन आणि हिरव्या ॲव्हेंच्युरीनच्या तबकड्यांसह आणले. जाँ-क्लोद गे यांचे चिरंजीव एमॅन्युएल गे यांनी २०२४ मध्ये डेनिसन या जुन्या नावासाठी दगडी तबकड्यांची घड्याळे रेखाटली. ती सोन्याची नसल्याने सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात आहेत. नवी घड्याळे आली म्हणून जुन्यांची गोडी कमी होत नाही, उलट लोक जुनी शोधू लागले आहेत.

भारतात ही जुनी घड्याळे त्या वेळी फार आली नाहीत. सोन्यावर आणि आयातीवर कडक बंधने असलेला तो काळ होता. तरी पूर्व आफ्रिका, आखात, इंग्लंड इथे नोकरी-धंद्यासाठी राहिलेल्या मराठी कुटुंबांत, जुन्या डॉक्टर-बॅरिस्टरांच्या घरांत एखादे असू शकते: काळ्या, निळ्या किंवा हिरव्या तबकडीचे, आकडे नसलेले, बारीक काट्यांचे, बंद पडलेले. सोन्याचा भाव आज पुन्हा चढा आहे आणि बंद घड्याळ मोडीत काढायचा मोह होणे साहजिक आहे. कपाटात असे घड्याळ असेल तर सराफाकडे नेण्याआधी जाणत्या घड्याळजीकडून मागचे झाकण उघडून घ्या, आतले नाव आणि ठसे वाचा आणि तबकडीवर तिरपा उजेड पाडून पाहा. ती दगडाची निघाली आणि तिला चीर नसेल, तर ते घड्याळ वितळवू देऊ नका.